६२ हजारांची चकचकीत की १ लाख १८ हजारांची फाइलवाली?

अनुस्वार:

नमस्कार मंडळी. सेकंड हँड सेडान घ्यायचं ठरलंय आणि दोन गाड्यांवर येऊन अडलेय. दोन्ही पेट्रोल.

पहिली ७ वर्षांची, सीव्हीटी ऑटोमॅटिक (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी), मीटरवर ६२ हजार किलोमीटर. लख्ख आहे एकदम, इंजिनसुद्धा धुऊनपुसून ठेवलंय. मालक म्हणतात, एकहाती वापरलीय. सर्व्हिसची बिलं मात्र "घर बदलताना गहाळ झाली". दुसरी ९ वर्षांची, मॅन्युअल, १ लाख १८ हजार. बंपरवर ओरखडे, ड्रायव्हर सीटच्या कडेचं कापड विरलंय. पण त्या मालकांनी न मागता एक जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली, अगदी पहिल्या सर्व्हिसपासूनची.

घरच्यांचा कौल पहिलीला. कमी चाललेली, कमी जुनी, दिसायला नवीकोरी. मलाही पटतंय, पण ते धुतलेलं इंजिन उगाच खटकतंय. मला गाडी चालवता येते, गाडीतलं काही कळत नाही. मेकॅनिक नेणारच आहे, पण त्याआधी माझं मला काय ताडून बघता येईल? रोज ७०-८० किलोमीटर पडतील, वाटेत बंद पडणारी गाडी परवडायची नाही.

चौथा गिअर:

पहिली घ्या, विचार कसला करताय. लाखाच्या वर चाललेली गाडी पुढे विकायला जाल तर कुणी ढुंकून बघणार नाही. आणि कंपनीचं नाव बघा. काही कंपन्यांची इंजिनं डोळे मिटून घ्यावीत अशी असतात.

तेलकट हात:

विकायचं पुढचं पुढे बघू हो, ताईंना आधी ती चालवायचीय.

माझी हयात गॅरेजमध्ये गेली, आता लोकांबरोबर जुन्या गाड्या बघायला जातो. कंपनीच्या नावाबद्दल एवढंच म्हणेन की नाव चांगलं म्हणजे त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांची सरासरी चांगली. तुम्ही सरासरी घेत नाही, समोर उभी असलेली एकच गाडी घेताय. चांगल्यातल्या चांगल्या इंजिनात दोन वर्षं तेल बदललं नाही तर त्याचा खुळखुळा होतो, आणि जिला सगळे नावं ठेवतात अशी गाडीसुद्धा नीट निगा राखली तर निमूटपणे चालते.

म्हणून मी बघतो ते एवढंच, की गाडी स्वतःबद्दल जे जे सांगते ते एकमेकांशी जुळतंय का. मीटर एक बोलतो, पेडल दुसरंच, टायर तिसरंच, असं झालं की समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय.

जाताना वही-पेन न्या आणि तारखा गोळा करा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे आणि स्टेपनीचा, पाचही टिपा. एखाद्या टायरचे चार आकडे बाहेरच्या बाजूला दिसत नाहीत, मग आतल्या बाजूला मोबाइल घालून फोटो काढायचा. सीटबेल्ट पूर्ण ओढला की खालच्या टोकाशी एक कापडी लेबल असतं, बहुतेकदा त्यावर बनावटीची तारीख असते. काचांच्या कोपऱ्यात शिक्का असतो, त्यात वर्षाचा आकडा. प्रत्येक कंपनीची तो लिहायची पद्धत निराळी, म्हणून वाचायच्या भानगडीत न पडता सगळ्या काचा एकमेकींशी लावून बघा. एखादीच वेगळी निघाली तर ती का बदलली ते विचारा. दगड लागला असेल, चोरी झाली असेल, किंवा तो अख्खा दरवाजाच ठोकला गेला असेल. सीटबेल्टची तारीख गाडीपेक्षा नवी असेल तर मात्र कान टवकारा. धडकेत एअरबॅग उघडल्या की बेल्टही बदलावे लागतात.

मग चॅसी नंबर. १७ अक्षरं-आकडे, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. पत्र्यावर ठोकलेला, पट्टीवरचा आणि कागदावरचा, तिन्ही एक हवेत. त्याच नंबरावरून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष निघाल्यामुळे कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावणं) बाकी आहे का तेही बघा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडून एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभरात १० कोटींच्या आसपास इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) परत मागवले गेले, आणि न बदललेल्या गाड्या अजूनही हातोहात विकल्या जातात. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते.

आणि एक करा. दोन्ही गाड्यांच्या ट्रिप मीटरवर सरासरी वेग दाखवतात, त्याचे फोटो काढून आणा. कशाला ते मग सांगतो.

धुतलेल्या इंजिनाचं म्हणाल तर तो काही गुन्हा नाही. फक्त तेल कुठून पाझरतं त्याचा माग पुसला जातो. अर्धा तास चालवून आल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा वाका, पाझर असेल तर बरेचदा ओल दिसायला लागते.

डिकीतला प्रवासी:

सेडान आहे म्हणून डिकीकडे दुर्लक्ष करू नका. मागून ठोकलेली सेडान बाहेरून सहज लपवता येते, कारण बंपर प्लास्टिकचा, नवा बसवला की झालं. स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्याचा पत्रा हाताने चाचपा. सुरकुती, ठोकून सरळ केल्याच्या खुणा, कंपनीच्या सलग सीलंटऐवजी बोटाने फासलेला सीलंट, यातलं काहीही सापडलं तर मागून चांगलाच दणका बसलेला आहे. तिथेच पाणी किंवा चिखलाची रेघ असेल तर सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुता येते, रुळ कोण काढत बसतो! सीटबेल्टही पूर्ण बाहेर ओढा, बुडालेल्या बेल्टवर पाण्याची पातळी डागाने उमटलेली असते. आणि गाडीत शिरताक्षणी अत्तराचा भपकारा आला तर आधी मॅट उचला.

अनुस्वार:

केवढं सांगितलंत! काल दोन्ही गाड्या पुन्हा बघून आले, वही घेऊन. मालकांना वाटलं मी विमा कंपनीकडून आलेय.

पहिली: चारही टायर याच वर्षीचे, स्टेपनी गाडीच्या वयाची. सीटबेल्ट गाडीच्याच वर्षाचे. मागच्या डाव्या दरवाजाची काच बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी नवी. ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत, स्टीअरिंगही वरच्या बाजूला चकचकीत झालेलं. डिकी स्वच्छ, पत्रा सरळ वाटला. ट्रिप मीटरच्या 'बी' नोंदीवर सरासरी वेग ताशी १७.

दुसरी: टायर दोन दोन करून वेगवेगळ्या वर्षी बदललेले, दोन्ही वेळची बिलं फाइलमध्ये आहेत. काचा सगळ्या एका वर्षाच्या. सरासरी वेग ४६.

६२ हजारांना पेडल इतकं झिजतं का? मीटर मागे फिरवलाय की काय, अशी शंका येतेय.

तेलकट हात:

लगेच आरोप नका करू. मीटर मागे फिरवणं सर्रास चालतं हे खरं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचाच अंदाज आहे की तिथे वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरवर विकल्या जातात, आणि डिजिटल मीटर आल्याने ते थांबलेलं नाही. पण या गाडीच्या पेडलचं उत्तर तुमच्या वहीतच आहे.

६२ हजारांना १७ ने भागा. साडेतीन हजारांहून जास्त तास. आता १ लाख १८ हजारांना ४६ ने भागा. अडीच हजारांच्या थोडं वर. म्हणजे "कमी चाललेल्या" गाडीचं इंजिन दुसरीपेक्षा हजारभर तास जास्त फिरलंय! मीटर चाकं मोजतो. इंजिन, तेल, कूलिंग फॅन, एसीचा कॉम्प्रेसर, ब्रेक पेडल यांना किलोमीटरशी देणंघेणं नाही, ते तासांवर आणि दाबण्यांवर झिजतात. ही गाडी आयुष्यभर सिग्नलला उभी राहिलीय. पेडलही तेच सांगतंय, आणि ते जुळतंय. मीटर खरा असायची शक्यता मला जास्त वाटते.

पण त्याच हिशेबाने, सिग्नल टू सिग्नल चाललेल्या गाडीचं तेल किलोमीटर बघून नाही, महिने बघून बदलायचं असतं. बदललं का? बिलं नाहीत. सीव्हीटीचं तेल बदललं का? बिलं नाहीत. "लाइफटाइम तेल आहे, बदलावं लागत नाही" असं तुम्हाला हमखास सांगतील. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते, गाडीवाल्यांनी पुस्तकात लाइफटाइम छापलं तरीही. सीव्हीटीत तर पट्टा आणि पुली यांच्यात त्या तेलाचाच आधार, आणि ट्रॅफिकमध्ये ते जास्त तापतं.

चौथा गिअर:

पण काका, ट्रिप मीटर कुणीही शून्य करू शकतं. १७ हा आकडा गेल्या महिन्यातलाही असेल. त्यावरून सात वर्षांचे तास काढणं जरा जास्तच होत नाही का?

तेलकट हात:

बरोबर मुद्दा. एकट्या त्या आकड्यावर मी काही ठरवणार नाही. त्याच ट्रिपवर अंतर किती दाखवतंय तेही बघायला हवं, दोन-चारशे किलोमीटरची सरासरी कामाची नाही. पण इथे पेडल आणि स्टीअरिंग त्याच बाजूने बोलताहेत, म्हणून मी तो धरला. काही गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिनचे तास थेट वाचताही येतात.

ताई, आता दोन कामं राहिली. मालकाला आदल्या दिवशी सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या आधी बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर बोलणं गोड ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. इंजिनची दुखणी थंड असतानाच बोलतात. सुरू करताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा करा. सुरू होताच निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत. पळवताना निळा धूर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांपर्यंत काम गेलंय. गार हवेत पांढरी वाफ दिसते ती नुसतं पाणी, ती विरते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गोडसर वास आला, तर कूलंट इंजिनात जळतोय. पहिले दोन-तीन सेकंद साखळीचा खडखडाट ऐकू आला तर टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, तपासून घ्यायचा.

तेलाच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं म्हणून घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही ती धरते. खात्री करायची तर मेकॅनिककडे निळ्या द्रावाची टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडाशी धरतात, आत जळलेला वायू येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असताना उघडायचं, हे सांगायला नको.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, डॅशबोर्डवरचे सगळे इशारे पेटायला हवेत. एअरबॅगचा दिवा पेटून मग विझला तर ठीक. तो पेटलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.

दुसरं काम ओबीडी स्कॅनरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचं. ब्लूटूथचा साधा चालेल. सगळे फक्त "कोड आहे का" एवढंच बघतात आणि नाही म्हटलं की खूश होतात. अहो, कोड पुसायला एक बटण लागतं. तुम्ही दोन गोष्टी बघा. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, पूर्ण झालेत की अपूर्ण (कोड पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात), आणि कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय. हा दुसरा आकडा बऱ्याच गाड्या देतात आणि विकणाऱ्याच्या तो गावीही नसतो.

अनुस्वार:

झालं, मेकॅनिकसकट जाऊन आले.

पहिली थंड होती, धूर नाही, आवाज नाही. मी निम्मी विरघळलेच होते. मग स्कॅनर लावला. कोड शून्य. मॉनिटरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि आणखी दोन अपूर्ण. कोड पुसल्यापासून ३८ किलोमीटर. मालक म्हणाले, बॅटरी बदलली. बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. मेकॅनिकने गिअर आर मधून डी मध्ये टाकला तेव्हा थंडपणी ठीक होतं, पण वीसेक मिनिटं ट्रॅफिकमध्ये फिरवल्यावर हळू वेगाला गाडी बारीक थरथरायला लागली.

दुसरीचं सगळं कोरडं आणि साधं. मॉनिटर पूर्ण, कोड पुसल्यापासूनचं अंतर २४ हजारांच्या आसपास. फाइल रात्री बसून वाचली. किलोमीटर सरळ चढत गेलेत, मध्ये एक दीड वर्षाची फट आहे, ६१ हजारांवरून एकदम ८३. आणि ९० ते ९३ हजारांच्या दरम्यान कूलंट दोनदा भरलाय. ही दोन काय भानगड?

तेलकट हात:

पहिलीचा विषय संपला. बॅटरी काढली तरी मॉनिटर शून्यावर येतात, म्हणून तो बहाणा लोकप्रिय आहे. पण बॅटरीवरच्या तारखेनेच तो खोडला. कोणता कोड पुसला ते आपल्याला कळणार नाही, कळायची गरजही नाही. गरम झाल्यावर थरथरणारी सीव्हीटी आणि तेलाचं एकही बिल नाही, एवढं पुरे. ते टायरही आता बघा. चारही नवे असले की जुन्या टायरवरची झीज दिसत नाही. एकच कड झिजली असती तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं दुखणं तिथेच कळलं असतं.

दुसरीच्या फाइलमधला दोनदा भरलेला कूलंट बरा हेरलात. बिलं अशीच वाचायची, काय केलं यापेक्षा काय परत परत केलं. ९३ नंतरची बिलं काढा. वॉटर पंप, रेडिएटर, होज पाइप, यातलं काही बदललंय का? आणि त्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन ते मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर तो संपलाय असंच धरा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. फटीबद्दल मालकांनाच विचारा, उत्तरापेक्षा ते किती पटकन येतं ते बघा.

अनुस्वार:

बेल्टच आहे. आणि ९४ हजारांचं बिल सापडलं: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवा कूलंट. त्यानंतर कूलंट भरल्याची एकही नोंद नाही! कोड पुसल्यापासूनचे २४ हजारही तिथेच जाऊन मिळतात, म्हणजे त्याच कामाच्या वेळी पुसले असणार.

फटीचं विचारलं. मालक म्हणाले, त्या काळात बदलीच्या गावी होतो, तिथल्या गॅरेजने छापील बिल दिलं नाही. मग खिशातली डायरी काढली, त्यात तेल बदलल्याच्या तारखा हाताने लिहिलेल्या, पेट्रोलच्या हिशेबाच्या मधोमध.

डिकीतला प्रवासी:

पेट्रोलचा हिशेब डायरीत लिहिणाऱ्या माणसाची गाडी! चर्चा कसली करताय अजून?

तेलकट हात:

एक राहिलंय. क्लच मूळचाच आहे का? फाइलमध्ये क्लच प्लेटचं बिल दिसलं नाही असं गृहीत धरतो. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला एक्सलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरतेय. येताना मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक ऐकू आली तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) गेलाय. आणि जॅकवर घेऊन ऑइल चेंबर खालून चेपलंय का बघून घ्या, सेडान बुटकी असते, गतिरोधक तिला सोडत नाहीत.

अनुस्वार:

टकटक नाही. चेंबरवर ओरखडे आहेत, चेपलेलं नाही. क्लच मात्र चढावर किंचित घसरतोय, मेकॅनिकही तेच म्हणाला. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, हो, मलाही जाणवतं, किंमत सांगताना ते धरलंय.

तेलकट हात:

धरलंय का ते मेकॅनिकच्या खर्चाच्या अंदाजाशी लावून बघा, नसेल तर तेवढी घासाघीस करा. प्लेट एकटी बदलू नका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायचीय, त्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही घाला, आणि फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग आहेत का ते तेव्हाच स्वतः उभं राहून बघा. बिल फाइलला लावा.